बेडकाचे पोट आणि चिचुंद्रीची भूक

एका डोंगराच्या पायथ्याशी नदीकाठचे दाट रान होते आणि त्या रानात एक चिचुंद्री राहत असे. अंगाने ती एवढीशीच. लांबुळके नाक, मिचमिचे डोळे, आणि राखाडी अंगावर मांस असे नावालासुद्धा नाही. तिला पाहिले की कुणालाही वाटे, बिचारी दोन दिवसांची उपाशी असावी.

पण मुलांनो, खरी गोष्ट वेगळीच होती. ही चिचुंद्री दिवसभर खात असे. उठल्या उठल्या गांडुळे, मग झुरळे, मग वाळवी, मग पुन्हा गांडुळे. पोट भरून जरा कुठे टेकते न टेकते, तोच पुन्हा पोटात आग पडे. स्वतःच्या वजनाइतके खाणे ती एका दिवसात सहज फस्त करी आणि तरी दुसऱ्या दिवशी होती तेवढीच बारीक दिसे.

हे रानात कुणालाच ठाऊक नव्हते. कारण ती पाचोळ्याखाली, कुणाच्या नजरेस न पडता खाई. चिचुंद्री फार मानी होती. "आपली भूक चारचौघांना दाखवू नये, आणि कुणापुढे तोंड वेंगाडू नये," असे ती मनाशी म्हणे. एखादे दिवशी खाणे मिळाले नाही तर अंग थरथर कापू लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई. तरी ती कुणाच्या दारात गेली नाही.

त्याच रानात एक बेडूक होता. चांगला जाडजूड, गोल गरगरीत. तो बसला की त्याचे पोट दोन्ही बाजूंनी जमिनीवर पसरे. येणारा-जाणारा थांबून विचारी, "काय बेडूकदादा, आज काय काय हाणलंत?" बेडूकही हसून म्हणे, "अहो, काय सांगू, आज नदी तेवढी राहिली प्यायची!" सगळे खो खो हसत. खरे तर त्या दिवशी त्याने एक नाकतोडा आणि दोन मुंग्या खाल्लेल्या असत. तेवढ्यावर त्याचा दिवस निघे. पण सांगून कोण ऐकणार, म्हणून त्याने सांगणेच सोडून दिले होते.

एका वर्षी नदीला मोठा पूर आला. पाणी काठ सोडून रानात शिरले. बिळे बुडाली, वारुळे वाहून गेली. चिचुंद्रीला तेव्हा चार पिल्ले होती, अजून अंगावर पिणारी. तिने एकेकाला तोंडात धरून चढणीवरच्या एका घळीत नेऊन ठेवले. चार खेपा केल्या, आणि चौथ्या खेपेला पाणी तिच्या नाकापर्यंत आले होते.

घळीत आधीच काही जण येऊन बसले होते. म्हातारा साळिंदर होता. एक घोरपड होती. वाऱ्याने फांदीवर आपटून ज्याचा पंख दुखावला होता असा एक कोतवाल पक्षी होता. काळाभोर, सडपातळ, दुभंगलेल्या शेपटीचा. आणि सर्वांत मागे, ओल्या दगडाला चिकटून, तो बेडूक होता.

घळीबाहेर तिन्ही बाजूंनी पाणी घोंगावत होते. चौथ्या बाजूला, तोंडाजवळच्या कपारीत, एक भली मोठी धामण वेटोळे घालून बसली होती. ती आत येत नव्हती ती केवळ साळिंदरामुळे. तो काटे फुलवून घळीच्या तोंडातच बसला होता.

घळीत एक कुजका ओंडका पडला होता. तो वाळवीने आणि किड्यांनी भरलेला होता. तेवढेच काय ते अन्न. साळिंदर स्वतः किडे खात नसे. छतातून लोंबणारी मुळे त्याला पुरेशी होती. म्हणून वाटणीचे काम सर्वांनी त्याच्यावरच सोपवले.

साळिंदर म्हणाला, "पाणी कधी ओसरेल, सांगता येत नाही. तेव्हा रोज सकाळी प्रत्येकाला करंजाच्या एका पानावर मावेल एवढं खाणं मिळेल. लहान नाही, मोठा नाही, सगळ्यांना सारखं. वाट्याबाहेर जो ओंडक्याला तोंड लावेल, त्याला घळीबाहेर जावं लागेल. आहे कबूल?"

"कबूल!" कोतवाल पहिला ओरडला. घोरपडीने मान हलवली. बेडूक म्हणाला, "कबूल."

चिचुंद्रीच्या तोंडावर शब्द आला होता, 'आजोबा, एका पानात माझं भागायचं नाही.' पण सगळे तिच्याकडे पाहत होते. एवढ्याशा जिवाने सर्वांपेक्षा जास्त मागायचे? तिने मान ताठ केली आणि म्हणाली, "कबूल."

पहिल्या सकाळी तिचे पान क्षणात रिकामे झाले. दुपारपर्यंत तिने कशीबशी कळ काढली. पण मग पाय लटपटू लागले. पिल्ले अंगाशी लुचत होती, आणि त्यांना दूध येईना. एक पिल्लू कण्हून गप्प झाले. चिचुंद्रीने त्याला चाटले. ते गार लागत होते.

बाकीचे सगळे पावसाच्या आवाजात पेंगले होते. चिचुंद्री उठली, ओंडक्याच्या मागच्या टोकाला गेली आणि खाऊ लागली. तिला लाज वाटत होती आणि तिला थांबता येत नव्हते. खाऊन झाल्यावर ती परत आली, चारही पिल्लांना पोटाशी घेतले आणि थोड्या वेळाने पिल्ले उबदार झाली. दुसऱ्या दिवशी ती दोनदा गेली. तिसऱ्या दिवशी तीनदा.

चौथ्या सकाळी वाटणी करायला साळिंदराने ओंडका वळवला, तर मागचे टोक पोकळ! आत ना वाळवी, ना किडा. नुसता भुसा.

"चोरी!" कोतवाल किंचाळला. तो त्या घळीत आल्यापासून उगाचच सर्वांवर नजर ठेवून असे. "आजोबा, चोर शोधायला फार लांब जायला नको. हे बघा, मी. माझं अंग बघा. मी मोजून खातो, म्हणून असा सडसडीत आहे. ही घोरपडमावशी, आली तेव्हा होती तशीच आहे. ही चिचुंद्री तर काय, काडी आहे काडी! आणि आता तिकडे बघा."

त्याने चोच बेडकाकडे वळवली.

"एवढं मोठं पोट! एका पानावर असं पोट राहतं होय? कुणाला पुरावा हवा असेल तर तो समोर बसलाय, फुगून."

घोरपड हळूच म्हणाली, "मलाही तसंच वाटत होतं हो. रानात होता तेव्हाही त्याचं खाण्याचंच नाव होतं."

साळिंदराने विचारले, "बेडका, तू ओंडक्याला तोंड लावलंस?"

सगळा जन्म बेडकाने या प्रश्नावर हसून वेळ मारून नेली होती. आज हसता येईना. शेवटी तो म्हणाला, "नाही, आजोबा. पण माझं कुणी खरं मानणार नाही."

"नाहीच मानणार!" कोतवाल म्हणाला. "नियम म्हणजे नियम. बाहेर काढा त्याला."

घळीबाहेर धामण जागी होती. बेडकाची चाहूल लागली की तिची जीभ लवलवे. सर्वांना ते ठाऊक होते. बेडूक दगडावरून खाली उतरला आणि एकेक उडी मारत घळीच्या तोंडाकडे निघाला. उड्या लहान लहान होत्या.

चिचुंद्री कोपऱ्यात पिल्लांवर बसून होती. तिच्यावर कुणाची नजरही गेली नव्हती. ती गप्प बसली असती, तर तिला कधी कुणी काही विचारले नसते. तिचे बारीक अंग हीच तिची साक्ष होती, आणि ती साक्ष खोटी होती. तिची भूक आज दुसऱ्याच्या पोटाच्या नावावर लागत होती. बेडकाने तिसरी उडी मारली, तेव्हा तिला ते सहन झाले नाही.

"थांबा!" ती म्हणाली. "ओंडका मी खाल्लाय."

सगळे वळले. कोतवाल हसत सुटला. "तू? अगं, तुझ्या पोटात माझं एक पीस मावणार नाही. आणि ओंडका खाल्लास?"

घोरपड म्हणाली, "चिचुंद्रीबाई, तुमचं मन मोठं आहे. पण दुसऱ्याचा आळ असा स्वतःवर घेऊ नये."

साळिंदरही म्हणाला, "पोरी, दया दाखवण्याची ही वेळ नाही. खोटं बोलून त्याला वाचवू नकोस."

चिचुंद्रीचे नाक रागाने थरथरले. चोर म्हटले असते तर तिने ऐकून घेतले असते, पण खोटारडी? "मी दया दाखवत नाहीये, आजोबा," ती म्हणाली. "मी खाल्लं. माझ्या पोटात गेलेला घास माझ्याच नावावर राहू दे. विश्वास नसेल तर पानं भरून ठेवा माझ्यापुढे."

साळिंदराने एक पान भरले. चिचुंद्री सर्वांसमोर येऊन बसली. आजवर तिने कुणाच्या देखत एक मुंगीसुद्धा खाल्ली नव्हती. क्षणभर तिने डोळे मिटले, मग खायला लागली. पान रिकामे. साळिंदराने दुसरे भरले. तेही रिकामे. कोतवालाचे हसू ओसरले. तिसरे पानही अर्धे झाले तेव्हा घोरपड पुढे सरकून तिच्या पोटाकडे निरखून बघू लागली.

"पण हे जातं कुठे?" ती म्हणाली. "पोट तर होतं तसंच आहे!"

"इकडे ये, पोरी," साळिंदर म्हणाला. त्याने काटे मिटवले आणि आपला म्हातारा पंजा तिच्या कुशीवर ठेवला. लगेच दचकून मागे घेतला, मग पुन्हा ठेवला.

"अरे बाप रे! ही तर निखाऱ्यासारखी तापली आहे. आणि हिचं काळीज! ठोके पडताहेत की नुसती भिरभिर चालली आहे, कळत नाही. मोजायला गेलं तर मोजणाऱ्याची जीभ वळायची नाही."

"ते असंच चालतं," चिचुंद्री म्हणाली. "झोपेतसुद्धा. अंग एवढंसं आहे माझं, त्यातली ऊब लगेच उडून जाते. ती पुन्हा पुन्हा पेटवावी लागते. मी खाते ते सगळं त्यातच जातं. साठायला मागे काही उरतच नाही."

साळिंदराने मग बेडकाला जवळ बोलावले आणि त्याच्या छातीवर पंजा ठेवला. बेडूक ओल्या दगडासारखा गार होता. साळिंदर वाट पाहत राहिला. एक ठोका पडला. बऱ्याच वेळाने दुसरा.

"बेडका, खरं सांग. तुला एक पान पुरतं?"

बेडूक खाली पाहत म्हणाला, "मला पाव पानसुद्धा पुष्कळ होतं, आजोबा. मी बसतो एका जागी, अंग तापवायचं नसतं, धावायचं नसतं. पण पान उरवलं असतं तर कोतवालराव म्हणाले असते, 'बघा, हा चोरून खातो म्हणून याला भूक नाही.' म्हणून मी रोज सगळं पान कसंबसं संपवत होतो. पोट दुखायचं."

मग घोरपड घसा खाकरून म्हणाली, "आता निघालंच आहे तर सांगते. मला चार दिवसांनी एकदा खाल्लं तरी चालतं. माझी तिन्ही पानं त्या दगडामागे पडून आहेत. सगळ्यांना मिळतंय, मग आपण का सोडा, म्हणून घेत होते."

"म्हणजे," साळिंदर सावकाश म्हणाला, "मी सगळ्यांना सारखं दिलं, आणि त्यात एक उपाशी राहिली, एकाचं पोट दुखलं आणि एकीचं अन्न दगडामागे पडून राहिलं. सगळ्यांना एकच माप लावलं, ही चूक माझी."

कोतवालाने मात्र पंख झाडला. त्याला आपले चुकले हे कळले होते, पण चटकन कबूल करवेना. "ते सगळं ठीक आहे. पण चोरी ती चोरी. नियम मोडलाच आहे तिने."

"कोतवालराव बरोबर बोलताहेत," चिचुंद्री म्हणाली, आणि सगळे चकित झाले. "भूक माझी खरी होती. पण मी मागितलं नाही, हेही खरं. मला वाटायचं, मागणं म्हणजे मान घालवणं. न मागता घेतलं तेव्हा तो आधीच गेला होता, हे मला कळलं नाही. आज बेडूकदादांचा जीव गेला असता. मला शिक्षा द्या. फक्त पिल्लांना दूध पाजून झाल्यावर बाहेर पाठवा."

बेडूक एकदम पुढे आला. इतकी लांब उडी त्याने त्या घळीत प्रथमच मारली होती. "आजोबा, आळ माझ्यावर आला होता, तेव्हा शिक्षेबद्दल बोलायचा हक्कही माझाच. हिला बाहेर काढू नका. हिला दुसरी शिक्षा द्या."

"कोणती?"

"हिला भूक लागेल तेव्हा हिने सर्वांसमोर मोठ्याने मागावं. दर वेळी."

साळिंदर मनापासून हसला. "तुला हिचा स्वभाव चांगला कळला रे! ठरलं. आजपासून ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे वाटणी. बेडकाला पाव पान, घोरपडीला चार दिवसांनी एक. कोतवालाला एक. आणि चिचुंद्रीला मागेल तितकं, पण मागितलं तरच."

मुलांनो, धामणीसमोर जायला तयार झालेली ती चिचुंद्री या शिक्षेने मात्र घाबरली. थोड्या वेळाने पोटात आग पडली तेव्हा ती उठली, पुन्हा बसली. पिल्ले लुचू लागली. शेवटी डोळे मिटून ती पुटपुटली, "मला भूक लागली आहे."

"ऐकू आलं नाही," कोपऱ्यातून बेडूक म्हणाला.

"मला भूक लागली आहे!"

आणि काहीच झाले नाही. कुणी हसले नाही. घोरपडीने दगडामागून आपले एक पान तिच्यापुढे सरकवले. "घ्या, चिचुंद्रीबाई. थोडं सुकलंय, पण चांगलं आहे."

त्या दिवशी तिने सहा वेळा मागितले. दुसऱ्या दिवशी तिला डोळे मिटावे लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती घळीच्या मधोमध उभी राहून, नाक वर करून, "मला भूक लागली आहे!" असे खणखणीत म्हणाली, जणू स्वतःचे नाव सांगत होती. तिच्या ध्यानात आले की मान आधीपेक्षा जास्तच ताठ झाली आहे. लपवण्यासारखे काही राहिले नाही की मान आपोआप ताठ होते.

ओंडका तेवढाच होता, तोंडेही तेवढीच होती, पण आता अन्न पुरले. नवव्या दिवशी ऊन पडले. पाणी मागे हटले. धामण ऊन शेकायला दूर खडकावर निघून गेली, तसे सगळे घळीबाहेर पडू लागले.

पंख बरा झालेला कोतवाल उडून समोरच्या फांदीवर बसला. जरा वेळ त्याने पिसे साफ केली. मग खाली पाहून म्हणाला, "बेडूकदादा, मी नुसत्या डोळ्यांनी न्याय केला. चुकलो."

"असू दे," बेडूक म्हणाला. "पण पुढच्या वेळी कुणी मला विचारलं, 'आज काय हाणलंत?' तर मी खरं सांगणार आहे. एक नाकतोडा आणि दोन मुंग्या."

चिचुंद्री निघाली तेव्हा साळिंदराने तिला थांबवले. "पोरी, एक विचारू? त्या दिवशी तू गप्प बसली असतीस तर तुझ्यावर कुणाचाही संशय आला नसता. बाहेर धामण, पदरी चार पिल्लं. तरी का बोललीस?"

चिचुंद्रीने उत्तर देण्याआधी पिल्लांना हाक मारली. पहिल्याने आईची शेपटी तोंडात धरली, दुसऱ्याने पहिल्याची, तिसऱ्याने दुसऱ्याची, चौथ्याने तिसऱ्याची. चिचुंद्र्या आपल्या पिल्लांना अशाच ओळीने नेतात.

"हे बघा ना, आजोबा," ती म्हणाली. "मी जिथे वळते तिथे ही वळतात. मग मला जपूनच वळायला नको का?"

असे म्हणून ती ओल्या गवतातून, भर उन्हात, सर्वांच्या देखत चालू लागली. मागून चार पिल्लांची ओळ हलत-डुलत गेली. थोडे अंतर गेल्यावर ती थांबली, समोरच्या मातीत नाक खुपसले आणि एक गांडूळ ओढून काढून तिथेच, उघड्यावर, मान वर करून खाऊ लागली.

तात्पर्य : कुणाच्या अंगावरून त्याचे खाणे ओळखू नये आणि खाण्यावरून त्याला हावरट ठरवू नये. प्रत्येक शरीराची गरज वेगळी असते, आणि ती लपवण्यापेक्षा ताठ मानेने सांगण्यातच खरा मान आहे.